वादळी पावसात वीज गेली तर : ठाणे-नवी मुंबईत नव्याने राहायला आलेल्या कुटुंबांसाठी

ज्यांनी गावाकडे किंवा तालुक्याच्या ठिकाणी लोडशेडिंगची वर्षे काढली आहेत, त्यांना वीज जाण्याचे फारसे भय वाटत नाही. माठातले पाणी, आडावरची घागर, अंगणातली बाज आणि एक कंदील एवढ्यावर त्यांच्या कित्येक रात्री निभावलेल्या असतात. तेच कुटुंब घोडबंदर रोडवरच्या अठराव्या मजल्यावर किंवा खारघरच्या एखाद्या टॉवरमध्ये राहायला आले, की हा सगळा अनुभव अपुरा पडतो, कारण इथे नळाचे पाणी पंपावर, घराबाहेर पडणे लिफ्टवर, पिण्याचे पाणी प्युरिफायरवर आणि भाजीवाल्याला द्यायचे पैसेसुद्धा मोबाइलवर अवलंबून असतात. म्हणून या लेखात क्रम मुद्दाम असा ठेवला आहे, की पाणी, औषधे, फोन आणि जिना यांचा विचार आधी होईल आणि उजेडाचा सर्वांत शेवटी. नव्याने आलेली बहुतेक मंडळी याच्या अगदी उलट करतात. मेणबत्त्यांची पुडकी घरात असतात आणि भरलेली बादली मात्र एकही नसते.

वीज नेमकी का जाते

कारण ठाऊक असले, तर वीज किती वेळात येईल याचा थोडाफार अंदाज बांधता येतो. ठाण्यात काही भागांत वीजवाहिन्या अजून खांबांवरून जातात. खांबावरचे चिनी मातीचे इन्सुलेटर उन्हाने आणि विजेच्या प्रवाहाने तापलेले असतात; त्यांवर पावसाचे पहिले थेंब पडले की त्यांना बारीक तडे जातात, प्रवाह खांबात उतरतो आणि सुरक्षिततेसाठी वाहिनी आपोआप बंद पडते. जूनच्या पहिल्या सरीतच वीज का जाते, या दरवर्षीच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर इथे आहे. दुसरे कारण झाडांच्या फांद्यांचे. १३ मे २०२४ रोजी दुपारी धुळीचे वादळ आले, तेव्हा पावसाळा अजून दूर होता. तरीही ठाणे, नवी मुंबई आणि मुंबईत झाडे कोसळली, काही ठिकाणी वीज गेली आणि लोकल गाड्याही खोळंबल्या.

सिडकोने वसवलेल्या नोडमध्ये, म्हणजे नवी मुंबईतल्या नियोजित वसाहतींमध्ये, भूमिगत केबल जास्त आहेत. तिथे वाऱ्याचा त्रास कमी होतो, पण रस्त्याच्या खोदकामात केबलला मार बसलेला असेल किंवा केबलच्या जोडात पाणी शिरले असेल, तर दोष नेमका कुठे आहे ते शोधण्यातच वेळ जातो, आणि मग खड्डा खणून जोड करेपर्यंत आणखी. खांबावरचा बिघाड डोळ्यांना दिसतो, जमिनीखालचा दिसत नाही. म्हणून भूमिगत केबलच्या भागात वीज गेली आणि शेजारच्या फिडरवरून, म्हणजे परिसराला वीज पुरवणाऱ्या दुसऱ्या वाहिनीवरून, पर्यायी पुरवठा देता आला नाही, तर मोठ्या खंडाची मानसिक तयारी ठेवावी.

तिसरा प्रकार म्हणजे मुद्दाम बंद केलेली वीज. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आला की सखल भागांत पाणी तुंबते आणि रस्त्याकडेचे फिडर पिलर, म्हणजे वीजजोडण्यांचे लोखंडी डबे, पाण्यात उभे राहतात. अशा वेळी पुरवठा बंद ठेवणे हेच शहाणपणाचे असते. फोन करून कितीही आग्रह धरला, तरी पाणी ओसरेपर्यंत तो सुरू होत नाही आणि होऊही नये.

वादळ म्हणजे फक्त जून-जुलै असेही समजू नये. अरबी समुद्रातली चक्रीवादळे मुख्यतः पावसाळ्याच्या आधी आणि नंतर येतात. फयान नोव्हेंबर २००९ मध्ये आले होते. निसर्ग ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तर तौक्ते १७ मे २०२१ रोजी मुंबईच्या किनाऱ्याजवळून गुजरातकडे सरकले. शिवाय १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास पारेषण यंत्रणेतल्या बिघाडामुळे मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदमच गेली होती. त्या दिवशी वादळाचा काही संबंध नव्हता. पुढे सांगितलेली तयारी म्हणूनच वर्षभर उपयोगी पडते.

कोरड्या दिवसांत करून ठेवायच्या गोष्टी

नव्या घरात सामान लावून झाले, की पहिल्याच आठवड्यात सोसायटीच्या कार्यालयात जाऊन जनरेटरची चौकशी करावी. ‘आमच्याकडे फुल बॅकअप आहे’ हे बिल्डरचे वाक्य ऐकून समाधान मानू नये. तो कोणकोणत्या गोष्टींना वीज पुरवतो, दोन्ही लिफ्ट चालतात की एकच, पाण्याचा पंप त्यावर आहे का, घरातला एखादा पॉइंट त्याला जोडलेला आहे का, तो आपोआप सुरू होतो की वॉचमनला खाली जाऊन सुरू करावा लागतो, आणि डिझेल किती तासांचे भरून ठेवलेले असते, एवढे प्रश्न विचारावेत. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा गुळमुळीत मिळते. तेव्हा सचिवांना विनंती करून ते सर्वांसमोर स्पष्ट करून घ्यावे. नौपाड्यातल्या किंवा वाशीच्या जुन्या सेक्टरांतल्या चार मजली इमारतींत जनरेटर नसतोच; तिथे हा प्रश्न मिटला, पण निदान जिना तरी आटोक्यातला असतो.

लिफ्टला एआरडी, म्हणजे वीज जाताच लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणारे बॅटरीवरचे यंत्र, बसवले आहे का आणि त्याची बॅटरी शेवटची कधी तपासली हेही विचारून ठेवावे. घरातल्या वृद्धांना आणि मुलांना एक गोष्ट बजावून सांगावी : लिफ्ट मध्येच थांबली तर अलार्म दाबून स्वस्थ उभे राहायचे. दार हाताने फाकवून दोन मजल्यांच्या मधून उतरण्याचा प्रयत्न अजिबात करायचा नाही. लिफ्ट त्याच क्षणी सुरू झाली तर जिवावर बेतते.

वीजबिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक आणि चार आकडी बिलिंग युनिट क्रमांक कागदावर ठळक लिहून स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवावा. भाड्याच्या घरात बिल मूळ मालकाच्या नावावर आणि नोंदणीचा मोबाइलही त्यांचाच असतो. अशा वेळी मालकांना सांगून आपला क्रमांक महावितरणकडे नोंदवून घ्यावा. त्यामुळे नियोजित दुरुस्तीचे संदेश आपल्यापर्यंत येतात. ही दुरुस्ती या भागात बहुधा शुक्रवारी असते, हेही नव्या मंडळींनी ध्यानात ठेवावे आणि शुक्रवारचे दळण-वाटण गुरुवारी उरकावे.

इन्व्हर्टर घ्यावा का, हा प्रश्न हमखास विचारला जातो. माझे मत असे, की घरात तान्हे मूल, आजारी माणूस किंवा घरून काम करणारे कोणी असेल तर जरूर घ्यावा; नसेल तर त्या पैशांत दोन चांगले चार्जिंगचे दिवे, एक चार्जिंगचा पंखा, मोठी पॉवर बँक आणि राउटरचा छोटा यूपीएस येतो आणि काम भागते. इन्व्हर्टर घ्यायचाच असेल, तर हिशेब आधी करावा. १२ व्होल्ट आणि १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर १,८०० वॅट-तास असतात, त्यांतले प्रत्यक्षात साधारण दोन तृतीयांश, म्हणजे १,२०० हाती लागतात. जुन्या पद्धतीचा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो. असे दोन पंखे, ९ वॅटचे चार एलईडी दिवे आणि राउटर मिळून २०० वॅटचा भार होतो आणि सहा तास निघतात. तेच दोन पंखे कमी वीज खाणारे बीएलडीसी प्रकारचे, म्हणजे सुमारे ३० वॅटचे असतील, तर हाच संच दहा-अकरा तास चालतो. दुसरी बॅटरी घेण्याआधी पंखे बदलावेत, हे दुकानदार सहसा सांगत नाही. पाण्याची बॅटरी चार्ज होताना ज्वलनशील वायू बाहेर पडतो, त्यामुळे ती बंद कपाटात किंवा झोपण्याच्या खोलीत ठेवू नये. तिच्यात नळाचे नव्हे तर फक्त डिस्टिल्ड पाणी घालावे.

इशारा आला की

हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट आला, की सर्वांत आधी पाणी भरावे. उंच इमारतींत एक गोष्ट नवख्यांना माहीत नसते. गच्चीवरच्या टाकीपासून अगदी जवळ असलेल्या वरच्या दोन-तीन मजल्यांना नुसत्या उताराने पुरेसा दाब मिळत नाही, म्हणून त्यांच्यासाठी वेगळा प्रेशर पंप बसवलेला असतो. वीज गेली की टाकी भरलेली असूनही सर्वांत वरच्या मजल्यांचे नळ आधी कोरडे पडतात, आणि खालच्या मजल्यांवर मात्र टाकी रिकामी होईपर्यंत पाणी येत राहते. तेव्हा वर राहणाऱ्यांनी ‘टाकी भरली आहे’ या निरोपावर विसंबू नये. चार माणसांच्या घरात शौचालयासाठी दोन मोठ्या बादल्या किंवा एक पिंप, स्वयंपाकासाठी एक हंडा आणि पिण्यासाठी वीस लिटर एवढे तरी भरून झाकून ठेवावे. वॉटर प्युरिफायर विजेशिवाय पाणी शुद्ध करत नाही. भिंतीवरच्या यंत्राच्या टाकीत साठलेले सात-आठ लिटर तेवढे मिळते. त्यामुळे पिण्याचे पाणी आधीच गाळून कळशीत आणि बाटल्यांत काढावे.

पाण्याबद्दल आणखी एक ध्यानात घ्यावे. शहराला पाणी पुरवणाऱ्या उदंचन (पंपिंग) केंद्रांनाही वीज लागते. तिथला पुरवठा खंडित झाला, तर आपल्या इमारतीत दिवे लखलखत असूनही दुसऱ्या दिवशी नळाला पाणी कमी दाबाने येते. वीज आली म्हणून साठवलेले पाणी लगेच ओतून देऊ नये.

यानंतर बाल्कनीतल्या कुंड्या, वाळत घातलेले कपडे आणि सुटे पत्रे आत घ्यावेत. वाऱ्याच्या दिशेला असलेल्या सरकत्या खिडक्यांच्या खाचेतून पाणी आत येते आणि नेमका त्याच भिंतीवर खाली टीव्हीचा किंवा चार्जिंगचा पॉइंट असतो. तिथले प्लग काढून खिडकीच्या कडेला जुने पंचे घट्ट दाबून लावावेत. सगळे फोन, पॉवर बँक, दिवे आणि लॅपटॉप पूर्ण चार्ज करावेत. घरात दहा-वीस-पन्नासच्या मिळून थोड्या सुट्या नोटा ठेवाव्यात, कारण मोबाइलचे टॉवर बॅटरीवर काही तासच टिकतात आणि नेटवर्क गेले की फोनवरून पैसे देणे थांबते.

गाडी तळघरात असेल तर ती वर आणावी. तळघरात साठणारे पाणी बाहेर काढणारा पंपही विजेवरच चालतो, आणि यांत्रिक स्टॅक पार्किंगमध्ये वरच्या पाळण्यात अडकलेली गाडी वीज येईपर्यंत खाली उतरत नाही. रात्री-अपरात्री दवाखान्यात जावे लागण्याची शक्यता असलेल्या घरांनी तरी हे चुकवू नये.

फ्रीजमध्ये जागा असेल तर पाण्याच्या बाटल्या भरून फ्रीझरमध्ये ठेवाव्यात. भरलेला फ्रीझर थंडपणा जास्त काळ धरतो, आणि वितळलेले पाणी शेवटी पिण्याच्या कामी येतेच. कोळंबी किंवा पापलेट आणून ठेवले असेल, तर अलर्टच्या दिवशीच तळून किंवा कालवण करून संपवावे. फ्रीझरवर भरवसा ठेवून रविवारची वाट पाहू नये.

वीज गेल्यावरची पहिली पाच मिनिटे

पहिला प्रश्न एकच : वीज कोणाकोणाची गेली? खिडकीतून समोरची इमारत आणि रस्त्यावरचे दिवे पाहावेत, आणि मग दार उघडून शेजारी विचारावे, ‘काकू, लाइट तुमच्याकडेपण गेली का हो?’ जिन्यातला दिवा चालू दिसला म्हणून फसू नये. तो जनरेटरवर असू शकतो.

वीज फक्त आपल्याच घरातली गेली असेल, तर दाराजवळचा विजेचा डबा उघडून कोणता खटका खाली पडला आहे ते पाहावे. हात कोरडे आणि पायांत चप्पल हवी. पावसात बहुतेक वेळा गळतीरोधक खटका, म्हणजे आरसीसीबी, पडलेला असतो, कारण बाल्कनीतल्या किंवा खिडकीखालच्या एखाद्या पॉइंटमध्ये ओल शिरलेली असते. तो पुन्हा पुन्हा जबरदस्तीने वर ढकलू नये. आधी सगळे छोटे खटके खाली करावेत, मग आरसीसीबी वर करावा आणि छोटे खटके एकेक करून चालू करावेत. ज्या खटक्याला आरसीसीबी पुन्हा पडेल, तेवढा बंद ठेवून बाकीचे घर चालवावे आणि त्या पॉइंटसाठी दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन बोलवावा. जळका वास येत असेल तर मात्र यातले काहीच न करता फक्त मेन बंद करावा.

इमारतीतल्या काही घरांत वीज आहे आणि काही घरांत नाही, असे असेल तर इमारतीला येणाऱ्या तीन वीजतारांपैकी, म्हणजे फेजपैकी, एक गेलेला असतो. अशा वेळी वॉचमनला लगेच सांगावे, की पाण्याचा पंप आणि लिफ्ट सुरू करू नका. या मोटरी तीन फेजवर चालणाऱ्या असतात. दोनच फेजवर सुरू केल्या तर घरघर करत तापतात आणि वेळीच बंद न केल्यास त्यांचे वायंडिंग जळते. अनेक सोसायट्यांत यासाठी संरक्षक यंत्र बसवलेले असते, पण ते चालू आहे की कोणीतरी कंटाळून बायपास करून ठेवले आहे, याची खात्री नसते.

याहून धोक्याचा एक प्रकार आहे आणि तो ओळखता यायलाच हवा. वीज जात नाही, उलट दिवे एकाएकी नेहमीपेक्षा फार प्रखर होतात, पंखा भलताच वेगाने फिरू लागतो, आणि त्याच वेळी शेजारच्या घरातले दिवे अगदी मंद झालेले असतात. म्हणजे इमारतीचा न्यूट्रल, म्हणजे सर्व घरांची वीज परत नेणारी सामाईक तार, तुटला किंवा सैल झाला आहे. अशा वेळी २३० व्होल्टच्या जागी आपल्या घरात साडेतीनशेच्या पुढेही दाब येऊ शकतो, आणि काही मिनिटांत टीव्ही, राउटर, फ्रीजचे सर्किट सगळे निकामी होते. विचार करत बसू नये. धावत जाऊन मेन स्विच बंद करावा, मग जिन्यात उभे राहून बाकीच्यांना ओरडून तेच करायला सांगावे. संकोच करण्याचा हा प्रसंग नव्हे.

संपूर्ण परिसरच अंधारात असेल, तर एक दिवा चालू ठेवून एसी, गीझर, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह, टीव्ही आणि संगणक यांचे खटके बंद करावेत, विजा कडाडत असतील तर प्लग काढून ठेवावेत, आणि तक्रार नोंदवावी.

तक्रार कशी नोंदवावी

ठाणे आणि नवी मुंबईच्या बहुतेक भागांत महावितरणचा पुरवठा आहे. १९१२ या क्रमांकावर किंवा १८००-२३३-३४३५ आणि १८००-२१२-३४३५ या टोल फ्री क्रमांकांवर तक्रार करता येते. नोंदणी केलेल्या मोबाइलवरून ०२२-५०८९७१०० वर मिस्ड कॉल दिला तरी चालते, आणि महावितरणच्या अ‍ॅपवरही सोय आहे. शीळ, मुंब्रा आणि कळवा भागांत मार्च २०२० पासून वितरणाचे काम टोरंट पॉवरकडे फ्रँचायझी म्हणून आहे, त्यामुळे तिथल्या रहिवाशांनी आपल्या बिलावर छापलेला क्रमांक वापरावा.

मोठ्या वादळात ही केंद्रे ओसंडून वाहतात. ‘लाइट कधी येणार?’ या प्रश्नाने कोणाचेच काम पुढे सरकत नाही. त्याऐवजी नेमके सांगावे : ग्राहक क्रमांक, फक्त आपली इमारत की पूर्ण गल्ली, मोठा आवाज झाला का, ठिणग्या दिसल्या का, तार किंवा झाड पडले आहे का आणि ते कोणत्या खुणेजवळ. तक्रार क्रमांक घेऊन सोसायटीच्या ग्रुपवर टाकावा. तुटलेली तार दिसली तर ती मेलेली आहे असे कधीही गृहीत धरू नये. कोणी तरी तिथे लांब उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना, विशेषतः मुलांना, अडवावे. पाण्यात उभ्या असलेल्या फिडर पिलरजवळून किंवा रोहित्राच्या (ट्रान्सफॉर्मरच्या) कुंपणाला हात टेकत चालणे टाळावे, मग त्यासाठी कितीही मोठा वळसा पडो.

खंड लांबला तर

पहिल्या तासाभरात वीज आली नाही, तर घरातल्या गोष्टींची वाटणी करून घ्यावी. घरात चार फोन असतील तर दोन बंद करून ठेवावेत. उरलेल्यांवर इंटरनेट बंद ठेवून स्क्रीन मंद करावी. कॉल लागत नसेल तेव्हा साधा एसएमएस बहुधा जातो. गावी आई-वडील टीव्हीवर मुंबईच्या पुराची दृश्ये बघून काळजी करत असतात, त्यांना ‘सगळे घरी सुखरूप आहोत, फोन बंद ठेवतो आहोत’ असा एक संदेश पाठवला की दर दहा मिनिटांनी येणारे कॉल थांबतात आणि बॅटरी वाचते. बॅटरीवरचा लहान रेडिओ घरात असेल तर आकाशवाणीच्या बातम्यांसाठी तो काढावा. गाडीतून फोन चार्ज करायचा झाल्यास गाडी उघड्यावर असताना करावा. तळघरात इंजिन चालू ठेवून बसणे घातक आहे.

फ्रीजचे दार शक्यतो उघडूच नये. बंद ठेवलेला फ्रीज साधारण चार तास पुरेसा थंड राहतो. पूर्ण भरलेला फ्रीझर दोन दिवस आणि अर्धा भरलेला एक दिवस गोठण धरतो. चार तासांनंतर फ्रीजमधले दूध उकळावे, शिजवलेले मांस-मासे आणि उरलेला भात टाकून द्यावा. वास ठीक आहे म्हणून ठेवण्याचा मोह आवरावा, कारण पोट बिघडवणारे जंतू वासाने कळत नाहीत, आणि पाणी कमी असताना जुलाब होणे यासारखी आपत्ती नाही. इडलीचे पीठ, दही आणि भाज्यांची इतकी चिंता करू नये. पीठ आंबले तर त्याचे आंबोळ्यांसारखे काही होतेच.

जे कुटुंब वादळाच्या दिवसांत गावी जाते, त्यांच्यासाठी एक साधी युक्ती सांगतो. वाटीभर पाणी फ्रीझरमध्ये गोठवावे, त्या बर्फावर एक नाणे ठेवावे आणि निघावे. परत आल्यावर नाणे वाटीच्या तळाशी गोठलेले सापडले, तर मागे कधीतरी सगळे वितळून पुन्हा गोठले होते असे समजून फ्रीझर रिकामा करावा.

स्वयंपाकाची अडचण त्या मानाने कमी येते. पाइपगॅस आणि सिलिंडर दोन्ही विजेशिवाय चालतात. आपोआप पेटणारी शेगडी पेटली नाही तर लायटर वापरावा. मिक्सर नसल्याने ओले वाटण होत नाही, पण पिठले-भात, मेतकूट, मुगाची खिचडी यांना वाटण लागते कुठे? घासायला कमी भांडी निघतील असा, एका पातेल्यातला स्वयंपाक करावा, कारण पाणी घासण्यातच जाते.

गॅस गीझर असलेल्या घरांनी एक काळजी घ्यावी. बाथरूममधला एक्झॉस्ट पंखा वीज नसताना बंद असतो, आणि बंद दार-खिडकीत गॅस जळत राहिला तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नसतो, वासही नसतो, आणि माणूस बेशुद्ध पडेपर्यंत कळत नाही. वीज नसताना अशा गीझरखाली आंघोळ करू नये. पाणी शेगडीवर तापवून घ्यावे. हाच धोका बाल्कनीत लावलेल्या छोट्या पेट्रोल जनरेटरचा आणि बंद खोलीतल्या कोळशाच्या शेगडीचा आहे.

औषधांपैकी इन्सुलिनची चौकशी सर्वांत जास्त होते. वापरात असलेली कुपी किंवा पेन सामान्यतः सुमारे चार आठवडे खोलीच्या तापमानाला चालते, मात्र खोली तीस अंशांच्या आत हवी. नेमकी मुदत पत्रकावर छापलेली असते. न उघडलेला साठा मातीच्या कोरड्या मडक्यात ठेवून ते मडके ओल्या वाळूत किंवा पाण्याच्या परातीत ठेवावे, आणि जाड ओल्या फडक्याने झाकावे. बर्फाला इन्सुलिन थेट लावू नये; गोठलेले इन्सुलिन पुन्हा वापरता येत नाही. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर किंवा झोपेतल्या श्वासाचे यंत्र असेल, तर ही गोष्ट सोसायटीच्या सचिवांना आधीच लेखी कळवावी, पर्यायी सिलिंडरची सोय ठेवावी आणि त्रास वाढण्याची वाट न पाहता, जिने उतरवण्याइतकी माणसे जागी आहेत तोवरच रुग्णाला हलवावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही आणीबाणीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. बाराव्या मजल्यावरून माणूस खुर्चीवर बसवून उतरवायला चार जण लागतात, आणि मध्यरात्री ते चार जण कोण, हे आधी ठरलेले असले तर बरे.

आता उजेड. खोलीत पांढऱ्या छताकडे तोंड करून ठेवलेला एक चार्जिंगचा दिवा पुरतो. फोनचा टॉर्च त्यासाठी जाळू नये. मेणबत्ती मला घरात नकोशी वाटते. वाऱ्याने हलणारे पडदे, पदर आणि लहान मुले यांच्यात ती कुठेच सुरक्षित नसते. दुसरे काही नसेलच, तर ती परातीत थोड्या पाण्यात उभी करावी, घरातले मोठे माणूस जागे असेपर्यंतच ठेवावी आणि झोपण्याआधी विझवावी. जिन्यात वरून पावसाचे पाणी येते, तेव्हा उतरताना एका हातात दिवा आणि दुसरा हात कठड्यावर, सामान पाठीवर.

रात्री डासांसाठी मच्छरदाणी लावावी, कारण विजेवरच्या यंत्राचा उपयोग नसतो आणि उकाड्यामुळे खिडक्या उघड्याच ठेवाव्या लागतात.

वीज परत आल्यावर

पहिल्या पाच-दहा मिनिटांत पुरवठा दोन-तीनदा येतो आणि जातो. म्हणून आधी फक्त चालू ठेवलेला एक दिवा स्थिर आणि नेहमीइतकाच उजळतो आहे ना ते पाहावे. मग फ्रीज, त्यानंतर पंखे आणि इतर उपकरणे, आणि एसी सर्वांत शेवटी सुरू करावा. वीज येताच सगळ्या सोसायटीने एकदम एसी लावले, की रोहित्रावर भार येऊन तीच वाहिनी पुन्हा बंद पडते, आणि मग वायरमनला त्याच पावसात पुन्हा यावे लागते.

मीटर रूममध्ये पाणी शिरले असेल, तर ती कोरडी करून इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय कोणीही मुख्य स्विचला हात लावू नये. तळमजल्याच्या घरात भिंत भिजली असेल तर खालच्या पॉइंटचे खटके दोन-तीन दिवस बंदच ठेवावेत.

जास्त दाबामुळे उपकरणे जळाली असतील, तर दुरुस्तीला देण्याआधी त्यांचे फोटो काढावेत, त्या दिवशीचा तक्रार क्रमांक आणि दुरुस्तीची पावती जपून ठेवावी आणि आपल्या उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. एकाच इमारतीतल्या अनेक घरांचे नुकसान झाले असेल, तर सोसायटीच्या नावाने एकत्र अर्ज केल्यास त्याला वजन येते. तिथे दाद मिळाली नाही, तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जाता येते. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथे अर्ज करावा लागतो, आणि त्यासाठी वकील असायलाच हवा असे नाही.